पट्टा आधी, फुगा नंतर



दर अंकात या पानावर आम्ही लागणीबद्दल लिहितो, खोडव्याबद्दल लिहितो, पाचट जाळू नका म्हणून हात जोडतो. तुम्ही वाचता. काहीजण ऐकता, काहीजण वाचून झाल्यावर काडी लावता. ते चालायचंच. या वेळी मात्र ऊस थोडा बाजूला ठेवून मोटारगाडीबद्दल लिहायचे ठरवले आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने मोटारीत नाक कशाला खुपसावे, असे कुणी म्हणेल. पण उसाच्या बिलातून आपल्या कार्यक्षेत्रात दर हंगामाला नव्या गाड्या येत आहेत. गाडी घेताना भाव, ॲव्हरेज, रंग, नंबर सगळे पाहिले जाते. तिच्यात बसायचे कसे, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. ही गोष्ट आम्हाला फार दिवस टोचते आहे. का टोचते ते पुढे येईलच.

गेल्या महिन्यात एका गावी खोडव्याची पाहणी करायला गेलो होतो. तिथले आमचे जुने सभासद, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्यांच्या दारात नवी कोरी गाडी उभी. बॉनेटवर हळदीकुंकू, हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. तात्यांनी पेढा हातावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, सहा एअरबॅगची घेतली. पोराला सांगितलं, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण जीव महत्त्वाचा."

आम्हाला खरोखर बरे वाटले. मग तात्यांनी आग्रहाने चक्कर मारायला बसवले. मुलगा गाडी चालवायला बसला. त्याने पट्टा छातीवरून घेण्याऐवजी आपल्या पाठीमागून ओढला आणि खटक्यात अडकवून टाकला. का, तर नाही अडकवला तर गाडी टुंग टुंग वाजत राहते. मागे तात्या, सूनबाई आणि सूनबाईंच्या मांडीवर दीड वर्षाचा नातू. मागचे पट्टे नव्या सीट कव्हरखाली गडप. आम्ही म्हणालो, "तात्या, पट्टे?" तात्या हसले, "अहो साहेब, सहा फुगे हायेत की गाडीला! मग पट्टा कशाला?"

तात्यांच्या या एका वाक्यासाठी हा लेख आहे.

आमचे म्हणणे पहिल्यांदाच सांगून टाकतो. फुगा हा पट्ट्याचा जोडीदार आहे, त्याचा बदली गडी नव्हे. ज्या गाडीत पट्टा लावलेला नाही त्या गाडीत सहा काय, दहा फुगे असले तरी निम्म्याहून अधिक संरक्षण आपण शोरूममध्येच सोडून आलो, असे समजावे. एअरबॅग बनवणाऱ्यांनीच ही गोष्ट तिच्या नावात लिहून ठेवली आहे. स्टेअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर एसआरएस अशी तीन अक्षरे असतात. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच 'पूरक' असा आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर पट्टा म्हणजे लागणीच्या वेळचा बेसल डोस आणि फुगा म्हणजे वरखत. बेसल डोस चुकवायचा आणि नंतर वरखताची पोती ओतायची, याने टनेज मिळत नाही हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

धडक म्हणजे विहिरीत पडणे

कृषी पदविकेला असताना आम्हाला अवजारांच्या तासाला थोडेफार यंत्रशास्त्र शिकवले होते. त्यातला एक हिशेब अजून लक्षात आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या भिंतीवर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा हिसका सुमारे ४६ फूट उंचीवरून खाली पडल्यासारखा असतो. म्हणजे आपल्याकडची कोरडी पडलेली विहीर. विहिरीच्या काठावर उभे राहून आपण लेकराचा हात घट्ट धरतो. गाडीत साठचा वेग म्हणजे काहीच नाही असे वाटते, कारण खोली डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

धडक झाली की एका मागून एक तीन टकरी होतात. पहिली टक्कर गाडीची. पुढचे बॉनेट दुमडते आणि दुमडता दुमडता गाडी दोन-अडीच फुटांत थांबते. दुसरी टक्कर माणसाची. गाडी थांबली तरी मोकळा माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि स्टेअरिंग, काच किंवा पुढची सीट यांवर आदळतो. तिसरी टक्कर शरीराच्या आत. माणूस थांबला तरी त्याचे काळीज, यकृत, मेंदू पुढे जातात आणि आतल्या आत हाडांवर आपटतात, किंवा जागेवर फाटतात. बाहेर खरचटलेसुद्धा नाही आणि माणूस तासाभरात गेला, असे आपण ऐकतो ते या तिसऱ्या टकरीमुळे.

पट्ट्याचे काम दुसरी टक्कर टाळणे आणि तिसरी सौम्य करणे. पट्टा माणसाला सीटला, म्हणजे पर्यायाने गाडीला बांधतो. त्यामुळे बॉनेट दुमडायला जे दोन-अडीच फूट मिळाले तेच माणसालाही थांबायला मिळतात. ताशी ५० च्या वेगात ७० किलोच्या माणसावर त्या वेळी साधारण टनभर जोर येतो. हा जोर पट्टा कमरेच्या मजबूत हाडांवर, छातीच्या पिंजऱ्यावर आणि खांद्यावर वाटून देतो. तोच माणूस मोकळा असेल तर त्याला थांबायला तीन-चार इंच मिळतात, आणि जोर टनाचा सहा-सात टन होतो. तोही कपाळावर, जबड्यावर नाहीतर बरगडीवर एकाच ठिकाणी.

फडातून निघालेल्या ट्रॉलीतल्या मोळ्या दोराने आवळल्याशिवाय आपण गाडी रस्त्याला लावत नाही. ऊस सांडला तर दोन-चार क्विंटलचे नुकसान. माणूस मात्र मोकळा ठेवतो!

हा पट्टा आला कुठून

आज जो कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा तीन टोकांचा पट्टा आपण पाहतो, तो स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील इंजिनिअर निल्स बोलिन यांनी १९५९ साली तयार केला. बोलिन त्यापूर्वी विमानांत काम करीत. संकटात वैमानिकाला सीटसकट बाहेर फेकण्याची जी व्यवस्था असते, तिच्यावर त्यांचे काम होते. त्यांच्याआधी गाड्यांत नुसता पोटावरचा पट्टा असे. त्याने माणूस सीटवर राही, पण वरचे अंग पुढे फेकले जाई आणि पोटातल्या अवयवांना इजा होई. बोलिन यांनी पट्टा मऊ पोटावरून काढून हाडांवर घेतला आणि एका हाताने लावता येईल असा केला. विशेष म्हणजे कंपनीने त्याचे पेटंट सगळ्या गाडी उत्पादकांना खुले केले. सहकारात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट आवडल्यावाचून राहणार नाही.

१९६७ साली बोलिन यांनी स्वीडनमधील २८,००० अपघातांची पाहणी मांडली. पट्टा न लावलेली माणसे अगदी ताशी २० किलोमीटरच्या आसपासच्या वेगातही दगावली होती. पट्टा लावलेला एकही माणूस ताशी ९६ किलोमीटरच्या आतल्या वेगात दगावलेला नव्हता. पुढे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली जगात प्रथम पट्टा वापरण्याची सक्ती केली. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याचा अनेक वर्षांच्या अपघातांवरून काढलेला हिशेब असा, की मोटारीत पुढे बसलेल्याचा मृत्यूचा धोका पट्ट्याने सुमारे ४५ टक्क्यांनी आणि मध्यम ते गंभीर दुखापतीचा धोका सुमारे ५० टक्क्यांनी कमी होतो. नुसता फुगा, पट्ट्याविना, सगळ्या प्रकारचे अपघात धरले तर १५ टक्क्यांच्या आतच राहतो. दोन्ही मिळून सुमारे निम्मे मृत्यू टळतात. म्हणजे बहुतेक काम पट्टा करतो आणि वरची भर फुगा घालतो.

फुग्याची गोष्ट

याचा अर्थ फुगा वाईट असे नव्हे. फुग्याची सुरुवातच एका बापाच्या काळजीतून झाली आहे. १९५२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानियात जॉन हेट्रिक नावाचे इंजिनिअर बायको-मुलीला घेऊन निघाले होते. मुलगी पुढे दोघांच्या मध्ये बसलेली. रस्त्यात अडथळा आला, गाडी चारीत घातली, आणि त्या क्षणी नवरा-बायको दोघांनीही मुलीला अडवायला आपोआप हात आडवे केले. त्या रात्री हेट्रिक यांच्या मनात आले, हातांऐवजी काहीतरी मऊ वस्तू पुढे आली असती तर? १९५३ साली त्यांना पेटंट मिळाले. प्रत्यक्ष गाड्यांत फुगे सर्रास यायला मात्र पुढे कित्येक वर्षे गेली.

आज फुगा असा चालतो. समोरून जोराची धडक बसली की गाडीतले संवेदक ती ओळखतात, आणि पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास, वायूने फुगा भरतो. तो ताशी २५० ते ३०० किलोमीटरच्या वेगाने बाहेर येतो. माणूस त्याच्यावर टेकेपर्यंत तो भरून झालेला असला पाहिजे. मग मागच्या छिद्रांतून हवा जाते आणि डोके-छाती सावकाश थांबते. पट्टा वरचे अंग धरून ठेवतो, तरी डोके पुढे झुकतेच. ते झुकलेले डोके स्टेअरिंगवर न आपटता फुग्यावर टेकावे, हे त्याचे काम. समोरासमोरच्या धडकेत डोक्याच्या, चेहऱ्याच्या आणि छातीच्या दुखापती त्याने पुष्कळ कमी झाल्या आहेत. पायांना मात्र त्याचा उपयोग नाही.

आता अमेरिकेचा धडा ऐका. तिकडे १९७० च्या सुमारास फार थोडे लोक पट्टा लावत. तेव्हा विचार निघाला, की लोक पट्टा लावत नसतील तर लावू नयेत, आपण फुगाच असा जोरदार बनवू की मोकळा माणूसही वाचेल. अगदी आपल्या तात्यांचा विचार! मोकळ्या, धिप्पाड पुरुषाला थांबवायचे म्हणजे फुगा तेवढ्या ताकदीने फुटला पाहिजे. तसे फुगे गाड्यांत बसले आणि १९९० नंतर, साध्यासुध्या, हळू वेगातल्या अपघातांत फुग्याच्याच माराने माणसे दगावू लागली. त्यांत लहान मुले होती, स्टेअरिंगला चिकटून बसणाऱ्या ठेंगण्या बायका होत्या. १९९० ते २००८ या काळात असे २९० हून अधिक मृत्यू तिथल्या सरकारी खात्याने मोजले. त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी पट्टा लावलेला नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता. १९९७ पासून फुग्यांचा जोर कमी करू देण्यात आला, पुढे फुगे अधिक शहाणे झाले आणि हे मृत्यू जवळजवळ थांबले. पण मूळ धडा तोच राहिला: फुग्याकडून पट्ट्याचे काम करून घ्यायला गेले, तर तो मारायला उठतो.

आपल्याकडे काहीजण सांगतात, पट्टा लावला नाही तर फुगा उघडतच नाही. बहुतेक गाड्यांत तसे नाही. तो उघडतो. आणि मोकळा माणूस ब्रेकच्या हिसक्याने आधीच पुढे सरकलेला असतो, त्याच्या तोंडावरच उघडतो.

मागची सीट

आपल्याकडे मान मागच्या सीटला. साहेब मागे, पाहुणे मागे, घरातले वडीलधारे मागे. आणि मागच्या सीटला पट्टा लावणे म्हणजे अगदीच भित्रेपणा, असा समज.

या समजाने आपल्या साखर कारखानदारीतलेच मोठे माणूस गेले. परळीच्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्याचे संस्थापक, केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. मागच्या सीटवर होते. दुसरी गाडी येऊन धडकली. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती, पण मानेला आणि यकृताला इजा झाली होती. वर सांगितलेली तिसरी टक्कर ती हीच. त्या वेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले, की मागचा पट्टा केवळ शोभेचा असतो या गैरसमजाने आपला मित्र गेला. पट्टा असता तर कदाचित वाचला असता. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी, फुगे भरपूर. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. ते दोघे गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

दोन्ही वेळा गावोगाव चर्चा झाली. पंधरा दिवस लोकांनी मागचे पट्टे शोधले. नंतर पुन्हा सीट कव्हर.

आता आमचे सांगतो. हे लिहावे की नाही, याचा बराच विचार केला.

२०२१-२२ चा गळीत हंगाम, जानेवारीतली रात्र. रोपवाटिका पाहून परत येत होतो. विभागाची गाडी, ड्रायव्हर आणि आम्ही पुढे, मागे आमच्या गटाचा चिटबॉय. वय २४. मागचे पट्टे सीट कव्हरखाली होते, आणि ते तसे दाबायला आम्हीच सांगितले होते. को ८६०३२ च्या रोपांचे ट्रे मागच्या सीटवर ठेवताना पट्ट्यांचे खटके मध्ये यायचे, एवढेच कारण. कालव्याच्या अरुंद पुलावर समोरून दिवा नसलेली मोटारसायकल आली. तिला वाचवायला ड्रायव्हरने गाडी वळवली आणि नाक कठड्यावर गेले. वेग पन्नासच्या आसपास असेल. मोठा बार झाला, दोन्ही फुगे उघडले, गाडीत पांढरी भुकटी आणि जळका वास पसरला. गाडी पेटली असेच वाटले. ड्रायव्हरच्या मनगटाला भाजल्यासारखे झाले. आमच्या खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा काळानिळा वळ उठला आणि एक बरगडी दुखावली. दोघेही आपल्या पायांनी उतरलो.

मागचा पोरगा दोन सीटच्या मधून पुढे आला होता. जबडा दोन ठिकाणी मोडला, मांडीचे हाड मोडले. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पाच महिने घरी होता. आज काट्यावर बसून काम करतो, कारण फडात बांधावरून चालणे त्याला जमत नाही.

दवाखान्यात त्याची आई आली. रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "साहेब, तुमी दोघं म्होरं बसून धड हाय, अन् माझा पोरगा मागं बसून असा कसा?"

पुढच्यास ठेच मागचा शहाणा, अशी आपली म्हण. गाडीत ती उलटी होते: पुढचे वाचतात आणि मागच्याला ठेच लागते. त्या माउलीला आम्ही काय उत्तर देणार? उत्तर सीट कव्हरखाली होते.

आणखी एक गोष्ट नंतर वाचनात आली. मागचा मोकळा माणूस पुढच्या पट्टा लावलेल्या माणसालाही मारतो, कारण तो पोत्यासारखा पुढच्या सीटवर जाऊन पडतो. जपानमधल्या लाखभर गाड्यांच्या अपघातांवरून २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असा पुढच्या माणसाचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाच पट निघाला. नंतरच्या अभ्यासांत तो आकडा पुष्कळ खाली आला, पण धोका वाढतो हे कायम राहिले. तेव्हा मागच्याला "पट्टा लाव" म्हणणे हा आगाऊपणा नव्हे, त्यात आपलाही जीव आहे.

लोक काय म्हणतात

शिवारात फिरताना आम्ही हे बोललो की चार गोष्टी हमखास ऐकायला मिळतात.

"गाडी कालव्यात पडली तर पट्ट्यात अडकून मरू." असे अपघात होतात, नाही असे नाही, पण एकूण अपघातांत ते फार थोडे. शिवाय पाण्यात पडण्याआधी गाडी आदळते. आदळताना शुद्धीवर राहिलात तरच खटका दाबून बाहेर याल. आणि गाडी उलटली तर मोकळा माणूस दारातून बाहेर फेकला जातो आणि तीच गाडी त्याच्या अंगावर येते. पट्टा त्याला आत ठेवतो.

"पट्ट्यानेच बरगड्या मोडतात." मोडू शकतात, आमचीच दुखावली. बरगडी जुळते. फुटलेले डोके जुळत नाही.

"गावातल्या गावात जायचं, कशाला पट्टा?" ५० च्या वेगाचा हिशेब वर दिला आहे. गावच्या वेशीवर ५० चा वेग सगळ्यांचाच असतो.

"बाईमाणूस गरोदर असताना पट्टा कसा लावायचा?" लावायचाच. खालची पट्टी पोटाच्या खालून मांड्यांच्या सांध्याजवळून घ्यायची, वरची दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने. पोटावरून कधीच नाही. हा नियम सगळ्यांनाच लागू आहे, पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर.

आणि मांडीवरचे लेकरू? तात्यांच्या नातवाचे वजन १० किलो धरा. ५० च्या वेगात धडक झाली तर आईच्या हातांना एका क्षणात सुमारे १५० किलोचा हिसका बसेल. साखरेची ५० किलोची तीन पोती एकदम झेलून दाखवा, मग मांडीवर मूल घेऊन बसा. आईची माया कमी पडत नाही, हात कमी पडतात. मुलासाठी वेगळी सीट मिळते. ती मागच्या सीटवर बांधावी, आणि तान्ह्या मुलाची उलट्या तोंडाची सीट फुगा असलेल्या पुढच्या सीटवर कधीही ठेवू नये. जेवढे पैसे आपण वर्षभरात सीट कव्हर, मॅट आणि गाण्याच्या मशीनवर घालतो, त्यातूनच ती सहज येते.

कायदा आहे, पण

सरकारने आपल्या परीने पावले टाकली आहेत. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटसाठी २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने नव्या मोटारींना सक्तीची झाली. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, पण सप्टेंबर २०२३ मध्ये सक्ती करणार नसल्याचे सांगण्यात आले. पट्ट्याचा नियम मात्र मागच्या सीटलाही आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ बी प्रमाणे दंड १,००० रुपये. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात पट्टा न लावल्याच्या सदराखाली देशभरात १६,७१५ मृत्यू नोंदले आहेत, ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. अर्धे चालक, अर्धे बरोबर बसलेले!

तरी आपण पळवाटा शोधतोच. टुंग टुंग बंद करायला नुसता खटका विकत मिळतो. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे खटके विकण्याविरुद्ध पाच ई-व्यापार कंपन्यांना आदेश दिले आणि १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या. एवढी माणसे दोन पैसे देऊन स्वतःला फसवायला तयार होती! पुढे लावायचे लोखंडी गार्ड डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बेकायदा ठरवले. त्या गार्डामुळे बॉनेट नीट दुमडत नाही आणि फुग्याच्या संवेदकाचाही अंदाज चुकू शकतो. सीटमध्ये फुगा असेल तर साधे जाड कव्हर त्याला अडवते. डॅशबोर्डवर फुग्याच्या झाकणावर ठेवलेली जड वस्तू फुगा उघडताच गोळीसारखी येते. देवाची मूर्तीही तिथून काढून सुरक्षित जागी ठेवावी, त्यात देवाचा अपमान नाही.

आपल्या अंगणातले

दुसऱ्याला शहाणपण सांगताना आपले झाकायचे, हे बरे नव्हे. रात्री रस्त्याने जाणारी, किंवा काट्याच्या रांगेत रस्त्यावरच उभी असलेली बिनरिफ्लेक्टरची, बिनदिव्याची उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या गाडीला दिसत नाही. गाडी तिच्याखाली घुसते. ट्रॉलीचा सांगाडा नेमका काचेच्या उंचीवर असतो. बॉनेट खालून निघून जाते, त्यामुळे दुमडायला काही राहत नाही. अशा धडकेत पट्टा आणि फुगा दोघेही लंगडे पडतात. म्हणजे सभासदाने घरी सगळे नियम पाळले आणि आपली ट्रॉली अंधारात उभी राहिली, तर पाप आपले.

म्हणून आमची संचालक मंडळाला आणि सभासदांना तीन गोष्टींची विनंती आहे. एक, कारखान्याच्या सगळ्या गाड्यांचे मागचे पट्टे कव्हराबाहेर काढून ठेवावेत, आणि मागच्याने पट्टा लावल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवू नये, मग मागे कोणीही साहेब असो. आमच्या विभागापुरते आम्ही हे सुरू केले आहे. दोन, तोडणी-वाहतूक करारात रिफ्लेक्टर आणि मागच्या दिव्याची अट घालून, तो नसलेल्या ट्रॉलीला गव्हाणीकडे सोडू नये. तीन, वार्षिक सभेला येताना प्रत्येक सभासदाने आपल्या गाडीचे मागचे पट्टे हाताने ओढून पाहावेत. हळू ओढला तर यावा, हिसका दिला तर अडकावा. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटे.

तात्यांच्या गाडीचे सांगायचे राहिले. त्या दिवशी आम्ही चक्कर मारलीच नाही. ओट्यावर बसून त्या माउलीचा प्रश्न तात्यांना सांगितला. तात्या बराच वेळ गप्प होते. मग सूनबाईच उठल्या, कातर आणली आणि नव्या कव्हराला दोन भोके पाडली. मुलगा म्हणाला, "अगं, अडीच हजारांचं कव्हर हाय!" तात्या म्हणाले, "असू दे. बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा बरं."

तुमच्या घरीही कातर असेलच.

आपला,
ऊस विकास अधिकारी